कायदा लिहितो कोण आणि भोगतो कोण?

(कामगार मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात आम्हाला कायद्यावर बोलायला सांगितलंय. कायद्यावर वकिलाने बोलावे ही रीत. आम्ही पडलो साच्यावरची माणसं, चौथीपर्यंत शाळा पाहिलेली. पण वकिलाला कायदा कोर्टात भेटतो आणि आम्हाला तो उठल्यापासून निजेपर्यंत भेटतो. गेटवरच्या हजेरीत तो आहे, पगाराच्या चिठ्ठीत आहे, नळाच्या पाण्यात आहे, पोराच्या शाळेच्या दाखल्यात आहे. चार माणसं गोळा होऊन मोर्चाला निघाली की जमावबंदीचा हुकूम घेऊन तो चौकात उभा असतो. पूर्वी त्याला १४४ कलम म्हणत. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत त्याचा नंबर १६३ झाला. नंबर बदलला, दांडका तोच. तेव्हा कायद्यावर बोलायचा हक्क आम्हालाही आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कायदा गरिबाच्या उपयोगी पडतो की नाही, हे नुसते कलम वाचून कळत नाही. तो कोणी लिहिला, कोणत्या भाषेत लिहिला आणि तो अमलात आणायला कोण रस्त्यावर उतरले, या तीन गोष्टींनी ते ठरते. भाषावार राज्याची मागणी म्हणजे या तीन गोष्टींचीच मागणी. हे आम्ही एका वकिलाच्या आयुष्यातून शिकलो. हा वकील आपल्या गिरणगावातला, परळचा. नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

परळचा वकील

घटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. वर्षातून दोन वेळा त्यांच्या तसबिरीला हार घालणारे पुढारीही पुष्कळ आहेत. पण त्यांची रोजची भाकरी वकिलीवर होती, हे किती जणांच्या ध्यानात असते? १९२२ साली लंडनमध्ये ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईच्या हायकोर्टात त्यांनी वकिली सुरू केली. सनदेची फी भरायलाही पैसे नव्हते, मित्राने हात दिला. बडे सॉलिसिटर त्यांच्याकडे काम देईनात. बॅरिस्टर झाला तरी जात मागे लागलेलीच. मग खालच्या कोर्टात, जिल्ह्याच्या गावी मिळेल तो खटला घ्यायचा. राहणे परळच्या चाळीत, कचेरी दामोदर हॉलजवळ. अशिलं कोण? आपल्यासारखीच. कुणाची जमीन गेलेली, कुणाची नोकरी गेलेली.

दोन खटले सांगतो. १९२६ साली पुण्याला ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे वगैरे ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना शिक्षा झाली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि मंडळी सुटली. हेच केशवराव जेधे पुढे ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यातल्या बैठकीचे अध्यक्ष होते आणि त्या बैठकीत संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. दुसरा खटला १९३४ सालचा. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा आरोप होता. त्यांच्या बाजूने उभे राहायला त्या काळी हिंमत लागे. बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण वकिलाने फक्त जिंकणारेच खटले घ्यावेत असे बाबासाहेबांनी मानले नाही, एवढे त्यातून दिसते.

ठराव कागदावर, पाणी तळ्यात

आता महाडची गोष्ट बघा. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या मागचा कायदा आम्ही सांगतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारच्या ताब्यातल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. हे बोले मुंबईच्या कामगार चळवळीतले जुने कार्यकर्ते, कामगार हितवर्धक सभेचे. ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कायद्याने पाणी खुले झाले. पण एका तरी माणसाने ओंजळ भरली का? नाही. पाणी तळ्यात आणि ठराव दप्तरात! ठरावाला तीन वर्षे झाली तरी तळ्याच्या पायरीवर पाऊल ठेवायची कुणाची छाती नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे चालत गेली आणि पाणी प्याली तेव्हा तो ठराव जिवंत झाला. मग काय झाले? मारहाण झाली. तळ्याची शुद्धी झाली. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरायच्या आधी काही जणांनी कोर्टात दावा लावला की हे तळे खाजगी आहे, स्पृश्यांचे आहे. दाव्यात प्रतिवादी कोण? खुद्द आंबेडकर. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला लोक जमले होते, सत्याग्रहाला तयार होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली. मात्र कोर्टाचा हुकूम आहे म्हणून तळ्यावर जाणे पुढे ढकलले. जो कायदा जन्मावरून माणसाला हीन ठरवतो तो जाळायचा. ज्या कायद्यापुढे दोन्ही बाजूंना बोलता येते तिथे पुराव्याने लढायचे. एकाच परिषदेत हा भेद त्यांनी करून दाखवला.

आणि लढले किती वर्षे? महाडचे कोर्ट, ठाण्याचे कोर्ट, हायकोर्ट. शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! हायकोर्टाने म्हटले, अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादि काळापासूनची रूढी फिर्यादींना शाबीत करता आली नाही. म्हणजे हजारो वर्षांचा धर्म म्हणून जे आमच्या माथी मारले जात होते, त्याचा पुरावा द्या म्हटल्यावर देता येईना.

बंधूंनो, आमचा पहिला धडा हा. ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असे नाही. ठरावाला पाय लागतात, आणि ते पाय आपले असतात.

लिहिलेला नसतो तोही कायदा

कोणी म्हणेल, गावात जात होती, पण गिरणीत तर सगळे सारखेच. तसे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त. त्या खात्यात दलित कामगाराला घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचा. त्याच धोट्याला दुसऱ्या कामगाराचे तोंड लागणार. मग ‘विटाळ’ होणार!

हे कुठल्या सरकारी कायद्यात लिहिले होते? कुठेच नाही. गेटवर तशी पाटी होती? नाही. मालकाला माणूस हवा होता, पण बाकीचे कामगार काम टाकून बाहेर पडतील याची धास्ती होती. म्हणजे हा कायदा कामगारांनीच कामगारांवर लादलेला. आमच्याच बापजाद्यांनी पाळलेला. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न ठेवला. एकजूट म्हणता, तर साचेखात्याचे दार उघडणार का ते आधी सांगा. प्रश्न वकिली होता आणि उत्तर द्यायला जड होते.

आजही आम्हाला वाटते, प्रत्येक युनियनने वर्षातून एकदा हा प्रश्न स्वतःला विचारावा. पूर्वी बदली कामगार असे, आज कंत्राटी आहे. त्याला कायम कामगाराच्या शेजारी बसून डबा खाता येतो का? परप्रांतातून आलेल्या मजुराला युनियनच्या सभेत बोलता येते का? बाईमाणसाला कमिटीवर घेतो का? हे कुठे लिहिलेले नसते. पण पाळले मात्र काटेकोर जाते.

संप हा गुन्हा नव्हे

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ ला ते मुंबईच्या असेंब्लीत निवडून आले. १९३८ साली काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहांचे बिल आणले. त्यात समेटाची लांबलचक पायरी पार केल्याशिवाय संप केला तर तो बेकायदा, आणि वर तुरुंग. बाबासाहेबांचा मुद्दा वकिलाचा होता, पण अडाणी माणसाच्याही डोक्यात उतरेल असा. नोकरी हा करार आहे. कामगार कामावर आला नाही तर फार तर करार मोडला. करार मोडणे हा दिवाणी मामला. सावकार करार मोडतो, व्यापारी मोडतो, त्याला बेड्या घालता का? मग कामगाराला का? आपली मेहनत विकणे नाकारायचा हक्क नसेल तर माणूस स्वतंत्र कसला?

असेंब्लीत बहुमत सरकारचे. बिल मंजूर होणार हे दिसत होते. म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा सार्वत्रिक संप झाला. १९२८ नंतर ज्यांचे बाबासाहेबांशी वाजले होते ते डांगे, निंबकर, मिरजकर हे कम्युनिस्ट पुढारीही या वेळी बरोबर होते. साचेखात्याचा प्रश्न विचारणारा वकील आणि लाल बावट्याचे पुढारी एका व्यासपीठावर आले. गोळीबार झाला, माणसे पडली. कायदा तरीही झाला. पण कामगारांच्या हक्काची व्याख्या त्या दिवशी असेंब्लीबाहेर लिहिली गेली.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९४६ साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्याने एका गावात एका धंद्याला एकच प्रातिनिधिक संघटना ठरवली. मालकाशी बोलायचे तर तिनेच. ती आवडो न आवडो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा ही मागणीही होती. तो संप संपल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. गिरण्या मात्र संपल्या.

आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. संसदेत ती २०२० सालीच मंजूर झाली होती. कोणत्याही कारखान्यात संप करायचा तर १४ दिवसांची नोटीस. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागे, ती आता ३०० पासून. आमचा एक जोडीदार म्हणाला, “अरे, २१ नोव्हेंबर म्हणजे आपला हुतात्म्यांचा दिवस!” खरेच. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळ्या झाडल्या. सत्तर वर्षांनी त्याच तारखेला संपाच्या हक्काभोवती नवे कुंपण आले. तारीख जुळली हा योगायोग असेल. पण १९३८ चा युक्तिवाद आजही जुना झालेला नाही, हा योगायोग नव्हे.

एका दुरुस्तीची किंमत

कायद्याच्या भाषेत एक शब्द हलला की काय होते, ते मुंबईच्या गिरणी कामगाराला विचारा. १९९१ साली विकास नियंत्रण नियम ५८ आला. बंद गिरणीची जमीन विकायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या मैदानासाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. कामगार म्हणाला, चला, गिरणी गेली तरी डोक्यावर छप्पर येईल. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, बांधकामाखालची जमीन धरायची नाही. आता गिरणी म्हटली की बांधकाम आलेच. खाती, गोदामं, बॉयलर, चिमणी. मोकळी जागा उरते किती? त्या तेवढ्याची वाटणी! हायकोर्टाने २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला.

ही दुरुस्ती झाली तेव्हा किती कामगारांना तिचा अर्थ कळला होता? दवंडी पिटली नाही, गेटवर कोणी वाचून दाखवली नाही. राजपत्रात छापली म्हणजे जनतेला कळली असे कायदा धरून चालतो. आम्ही विचारतो, राजपत्र चाळीत येते का?

सरहद्दीची रेघ

आता आपल्या आजच्या मुख्य विषयाकडे येतो. राज्याची हद्द कोण आखतो? घटनेच्या ३ ऱ्या कलमाने तो अधिकार संसदेला आहे. राज्याच्या विधिमंडळाचे मत विचारायचे, पण ते पाळलेच पाहिजे असे बंधन नाही. १९५६ साली राज्य पुनर्रचनेचे बिल आले त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्राच्या ताब्यातली मुंबई असे तीन तुकडे होते. विधिमंडळाने मत दिले ते या तीन तुकड्यांवर. संसदेने ऐन वेळी त्याचे एकच द्वैभाषिक राज्य करून टाकले. बाबुलाल पराते यांनी याविरुद्ध कोर्टात दाद मागितली की जी योजना विधिमंडळापुढे आलीच नाही ती लादता कशी? ऑगस्ट १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: बिलात दुरुस्ती झाली म्हणून पुन्हा मत विचारण्याची गरज नाही. दावा फेटाळला.

म्हणजे कोर्टाचे दार बंद झाले. मग १ मे १९६० कसा उजाडला? तोवर राजकारण फिरले होते. शंभरावर हुतात्म्यांचे रक्त सांडले होते. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले होते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली होती. ज्या ३ ऱ्या कलमाने द्वैभाषिक लादले, त्याच कलमाखाली त्याच संसदेने १९६० साली मुंबई पुनर्रचना कायदा केला आणि महाराष्ट्र झाला. कलमातला एक शब्दही बदलला नव्हता. बदलली होती ती जनतेची ताकद.

पण बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर, भालकी बाहेरच राहिले. १७ जानेवारी १९५६ ला सीमाभागात गोळीबार झाला. १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने नाकारला. कन्नडसक्तीच्या विरोधात १ जून १९८६ ला पुन्हा गोळ्या झेलल्या. २००४ साली महाराष्ट्र सरकारने सुप्रीम कोर्टात दावा लावला. त्याला वीसहून अधिक वर्षे झाली. ज्या पोराचा जन्म त्या वर्षी झाला त्याने आता मतदानही केले. महाडच्या पाण्याला दहा वर्षे लागली होती, इथे तर दुप्पट लोटली.

बेळगावच्या मराठी माणसाचे रोजचे दुखणे काय? सात-बारा कन्नडमध्ये, घरपट्टीची नोटीस कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये. घटनेच्या ३५० व्या कलमाने कोणालाही आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. ३५० अ कलम म्हणते, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी. ३५० ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला. कलमे आहेत. बोल्यांचा ठरावही होता! मुद्दा पुन्हा तोच, ठरावाला पाय हवेत.

एक गोष्ट मात्र आम्ही ठासून सांगतो. आमचे भांडण कन्नड बोलणाऱ्या कामगाराशी नाही. तो आणि आम्ही एकाच पाळीला उभे राहतो, एकाच भोंग्यावर घरी जातो. त्याची भाषा त्याला जितकी प्यारी तितकीच आमची आम्हाला. आमचे भांडण आहे ते माणसाला न कळणाऱ्या भाषेत त्याच्यावर हुकूम बजावण्याशी. तो हुकूम इंग्रजीतला असो, कन्नडमधला असो, की मराठी न जाणणाऱ्यावर मराठीत बजावलेला असो.

आपल्याच राज्यात

कारण आपल्या राज्यात तरी काय दिवे लागलेत? १९६४ च्या राजभाषा कायद्याने मराठी राजभाषा झाली. १९९८ साली सरकारने अधिसूचना काढून खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरवली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, फटाके वाजले. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचे सर्किट बेंच बसू लागले. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या माणसाचा मुंबईचा हेलपाटा वाचला. पण आत पाऊल टाकले की भाषा इंग्रजीच. घटनेच्या ३४८ व्या कलमाने तसे आहे. त्याच कलमात राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याची भाषा हायकोर्टात चालवायची वाटही आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार यांनी त्या वाटेने हिंदी नेली. मराठीला अजून ती वाट चालायची आहे.

आमच्या ओळखीच्या एका साचेवाल्यावर चौकशी बसली. मालकाचे नाव घेत नाही. आरोपपत्र आले चार पानांचे, इंग्रजीत. त्याने चौकशी अधिकाऱ्याला विचारले, “साहेब, यात मी काय केलंय असं लिहिलंय?” साहेब म्हणाले, “आधी मिळाल्याची सही करा.” त्याने सही केली. सहीच्या वर जे छापले होते त्यात आरोप मान्य असल्याचे एक वाक्य होते, ते त्याला युनियनच्या वकिलाने आठ दिवसांनी वाचून दाखवले. नोकरी टिकवायला दोन वर्षे गेली. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात, ते आदेश बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत गेटजवळ लावावेत अशी तरतूद होती. ती लिहिणाऱ्याला कामगाराचे डोळे ठाऊक होते. तरीही गेटवरचा फलक मराठीत आणि हातातला कागद इंग्रजीत, असा खेळ चालतोच.

बाबासाहेबांचा इशारा

भाषावार राज्याबद्दल बाबासाहेब काय म्हणाले, हे सांगितल्याशिवाय आम्ही खाली बसणार नाही. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगाला त्यांनी निवेदन दिले आणि मुंबई महाराष्ट्राचीच हे वकिलासारखे मुद्देसूद मांडले. शहर कोणाच्या भांडवलावर वाढले यावरून ते कोणाचे हे ठरवायचे असेल, तर मग कलकत्ता तरी बंगालचे कसे, असा त्यांचा सवाल होता. १९५५ साली त्यांनी भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिले. त्यात मात्र मराठी मुलखाची चार राज्ये करावीत आणि मुंबई शहर त्यातले एक असावे असे मत दिले. ते समितीला पटले नाही, आम्हालाही पटत नाही. पण मतभेद झाला म्हणून त्यांनी पाठ फिरवली नाही. १९५६ साली त्यांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समितीत आला आणि लढ्याला मोठे बळ मिळाले.

त्याच पुस्तकात त्यांनी एक इशारा दिला, तो आम्हाला पूर्ण पटतो. भाषावार राज्यात एखादी संख्येने मोठी जात बाकीच्या लहान जातींवर कायमचे राज्य करील, आणि त्यांना समान न्याय मिळणार नाही, ही भीती त्यांनी उघड बोलून दाखवली. भाषा एक झाली म्हणून न्याय आपोआप होत नाही. मराठीत शिवी दिली तर ती कमी लागते का? मराठीत गावकुसाबाहेर ठेवले तर ते स्वराज्य होते का? १ मे १९६० नंतर साखर कारखाना कोणाचा झाला, बँक कोणाची, शाळा-कॉलेजे कोणाची, हे गावोगाव डोळे उघडून बघा, म्हणजे इशारा किती खरा होता ते कळेल.

म्हणून आम्ही म्हणतो, राज्य मराठी माणसाचे झाले पाहिजे आणि ते शेवटच्या मराठी माणसाचे झाले पाहिजे. हे दोन्ही एकाच दमात म्हणायला शिकले पाहिजे.

आता काय करायचे?

भाषण ऐकून घरी जाऊन निजायचे असेल तर आम्ही बोललो ते वाया गेले. चार कामे सांगतो.

पहिले, न समजणाऱ्या कागदावर सही करायची नाही. मराठीत प्रत मागा. सक्ती केली तर “मजकूर समजला नाही, मराठी प्रत मिळावी” एवढे सहीवर लिहा आणि युनियनमध्ये या.

दुसरे, प्रत्येक युनियनच्या कचेरीत आठवड्यातून एक दिवस कायदा-वाचन करा. शिकलेला पोरगा किंवा पोरगी वाचेल, बाकीचे प्रश्न विचारतील. नव्या संहितांपासून सुरुवात करा.

तिसरे, महाराष्ट्राच्या हायकोर्टात मराठी चालावी म्हणून आणि सीमाभागातल्या मराठी माणसाला कागद मराठीत मिळावेत म्हणून गावोगाव ठराव करा, आमदार-खासदारांच्या दारात न्या, आणि ठरावाच्या मागे चालत जा.

चौथे आणि सगळ्यात अवघड, आपापल्या खात्यातला, गल्लीतला, पाणवठ्यावरचा तो न लिहिलेला कायदा शोधून काढा आणि मोडा. तो मोडायला संसद लागत नाही, वकील लागत नाही.

परळच्या त्या वकिलाने काळा डगला घालून कोर्ट लढवले, असेंब्लीत उभे राहून बिलावर तोफ डागली आणि तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळ भरली. तिन्ही ठिकाणी माणूस एकच होता. आपल्यातल्या प्रत्येकाला तिन्ही जमणार नाही. पण तळ्याच्या पायरीपर्यंत चालत जाणे तरी सगळ्यांना जमते.

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

कामगार एकजुटीचा विजय असो!

जय भीम! जय महाराष्ट्र!